नव्या घराला कशाला तपासायचं?

"इमारत नवीन आहे भाईजान, तिच्यात बघायचं काय?"

हे वाक्य माझं आहे. 2018 च्या मे महिन्यात मी ते कुवेतमधल्या माझ्या थोरल्या भावाला फोनवर ऐकवलं होतं. त्याने विचारलं होतं, "कुणाला तरी दाखवून घेऊ या का? एखादा इंजिनिअर?" त्याला आठ वर्षं झाली. प्रश्न शहाणपणाचा होता. उत्तर माझं होतं, आणि मी बीएड झालेली, उर्दू-मराठी शिकवणारी, गावात चार लोक सल्ला विचारायला येतात अशी बाई. म्हणून आज जे लिहिते आहे त्यात आधी माझी कबुली आहे.

आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावांत फ्लॅट घेण्याची एक ठरलेली रीत आहे. पैसा आखातातून येतो, फ्लॅट इथे असतो, आणि मधे इथला एखादा नातेवाईक 'जाऊन बघून' येतो. त्या वेळी तो नातेवाईक मी होते. रविवारी नवऱ्याला घेऊन गेले. बिल्डरच्या माणसाने थंड सरबत दिलं, चकचकीत फरशी दाखवली, ग्रॅनाइटचा ओटा दाखवला, गॅलरीतून दिसणारी खाडी दाखवली. माझे मिस्टर जिन्याखाली वाकून काहीतरी बघत होते, तर तो मला म्हणाला, "मॅडम, तुम्ही किचन बघा." मी किचन बघितलं. भाईजानला व्हिडिओ कॉल लावला, खोल्या फिरवल्या आणि म्हणाले, "माशाअल्लाह, छान आहे." त्याची बावीस वर्षांची कमाई त्या एका वाक्यावर गेली. कर्ज नव्हतं, सगळी रक्कम रोख भरलेली.

जूनच्या शेवटी पश्चिमेच्या भिंतीवर नकाशासारखा एक डाग उमटला. जुलैत तो खिडकीखाली उतरला. ऑगस्टमध्ये भाभीने कपाट उघडलं तर मुलीच्या लग्नासाठी जमवलेल्या कपड्यांवर हिरवट बुरशी. बिल्डरचं उत्तर होतं, "मॅडम, कोकणातला पाऊस आहे, थोडी ओल येणारच." ईदच्या आधी त्याने माणूस पाठवून रंग मारून दिला. पुढच्या पावसात डाग पुन्हा त्याच जागी. तिसऱ्या वर्षी गॅलरीच्या स्लॅबखालचा गिलावा खपलीसारखा सुटला आणि आत गंजलेली सळई दिसली. ती सळई दिसली तेव्हा इमारतीला चार वर्षंही पुरी झाली नव्हती.

जाता जाता एक निरीक्षण. कोकणातल्या कुठल्याही गावात एसटीच्या खिडकीतून बघा. पाच-सात वर्षांच्या इमारतींवर गच्चीभर लोखंडी सांगाडा आणि पत्रा दिसेल. आम्हाला त्याची इतकी सवय झाली आहे की तो इमारतीचाच भाग वाटतो. पण तो पत्रा रहिवाशांनी वर्गणी काढून घातलेला असतो, कारण नव्या स्लॅबमधून पाणी येत होतं. छत्री उघडून उभी असलेली इमारत बघूनही आम्ही तिला 'नवीन' म्हणतो.

24 ऑगस्ट 2020, सोमवारची संध्याकाळ. महाडमधली तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळली. 16 माणसं गेली. चार वर्षांचा एक मुलगा सुमारे एकोणीस तासांनी ढिगाऱ्यातून जिवंत निघाला, ते दृश्य सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. माझ्याबरोबर शिकवणाऱ्या एका बाईंचं माहेर महाडचं आहे. त्या रात्री त्या फोन लावत बसल्या होत्या आणि मी त्यांच्याशेजारी. इमारत पडते तेव्हा आपल्या डोळ्यांपुढे जुना वाडा येतो, वाळवी लागलेले वासे येतात. ही इमारत दहा वर्षांच्या आसपासची होती. पुढे जो गुन्हा दाखल झाला त्यात बिल्डरबरोबर आरसीसी सल्लागार, वास्तुविशारद आणि नगरपरिषदेचे अधिकारीही होते. म्हणजे ज्यांच्या सह्यांवर भरवसा ठेवून लोक राहायला गेले, त्या सगळ्या सह्यांवरच प्रश्न उभा राहिला.

त्या रात्रीनंतर मी भाईजानला ते वाक्य मागे घेतल्याचं सांगितलं. तो हसला. म्हणाला, "तुझा काय दोष?" दोष होता. त्याने पैशाबरोबर त्याचा विश्वासही माझ्याकडे अमानत म्हणून ठेवला होता, आणि मी ओटा बघून आले होते.

लोकांचं म्हणणं असतं की घर जुनं असेल तर तपासावं, नवं असेल तर कशाला? मला आता नेमकं उलट वाटतं. वीस वर्षांच्या घराने वीस पावसाळे काढलेले असतात. त्याची गळती, त्याच्या भेगा, त्याचा वाकडेपणा भिंतीवर लिहिलेला असतो. शेजारी सांगतात, डाग सांगतात. नव्या घराची अजून एकही परीक्षा झालेली नसते. पुट्टी आणि रंगाचे दोन हात दिले की गवंड्याची प्रत्येक चूक झाकली जाते, आणि ती उघडी पडते तेव्हा चावी तुमच्या हातात आणि पैसे बिल्डरच्या.

"पण परवानगी असते ना? नगरपरिषद बघते ना?" हा पुढचा प्रश्न. नगरपरिषद मुख्यतः बांधकाम मंजूर नकाशाप्रमाणे आहे का ते बघते. मजले तेवढेच आहेत का, मोकळी जागा सोडली आहे का, जिना ठरल्याप्रमाणे आहे का. स्लॅब पडला त्या दिवशी सिमेंट किती घातलं, नंतर किती दिवस पाणी मारलं, हे बघायला तिथे कुणी उभं नसतं. त्यासाठी अभियंत्याचं प्रमाणपत्र लागतं, आणि तो अभियंता बिल्डरने नेमलेला असतो. मी शिक्षिका आहे. वर्गात एखाद्या पोराने स्वतःचा पेपर स्वतः तपासून शंभरपैकी शंभर दिले तर मी हसेन. इथे त्याच पेपरवर आपण तीस लाख रुपये देतो. आणि हे झालं भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या इमारतींचं. ते न घेताच माणसं राहायला आलेल्या इमारती आमच्या गावात मी बोटांवर मोजू शकत नाही.

कायद्याची नजरही जुन्या घरांकडेच आहे. महानगरपालिकांच्या हद्दीत 30 वर्षांहून जुन्या इमारतीची संरचनात्मक तपासणी सक्तीची आहे. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत 15 ते 30 वर्षांच्या इमारतीची पाच वर्षांतून एकदा तपासणी सांगितली आहे. पहिल्या पंधरा वर्षांचं काय? तिथे तुम्ही आणि अल्लाह.

रेरा कायदा आहे, तो चांगला आहे. 2016 चा कायदा, महाराष्ट्रात महारेराचं काम 1 मे 2017 पासून सुरू झालं. त्याच्या कलम 14 प्रमाणे ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामात, कामाच्या दर्जात किंवा सोयींमध्ये दोष निघाला आणि तो दाखवून दिला, तर बिल्डरने तो 30 दिवसांत स्वखर्चाने दुरुस्त करायचा आहे. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, दोष दाखवून द्यावा लागतो, तारखेसह, लेखी. ताबा घेताना घर कसं होतं याचा कागद तुमच्याकडे नसेल तर "तुम्हीच खिळे ठोकलेत" हे उत्तर तयार असतं. दुसरी गोष्ट छोट्या गावांसाठी मोठी आहे. जमीन 500 चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल किंवा फ्लॅट आठपेक्षा जास्त नसतील, तर त्या प्रकल्पाला रेरा नोंदणीची सक्ती नाही. भाईजानच्या इमारतीत आठच फ्लॅट आहेत. पूर्वी मला तो योगायोग वाटायचा.

आमच्या समाजातली एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. व्याज टाळण्यासाठी कर्ज न काढता घर घेणारे आमच्यात बरेच आहेत. मी त्यांच्या निर्णयाचा आदर करते, भाईजान त्यांतलाच. पण कर्ज काढलं की निदान बँकेचा वकील कागद बघतो आणि मूल्यांकन करणारा एकदा येऊन जातो. ते घराचा दर्जा तपासत नाहीत हे खरं, तरी एक तिऱ्हाईत माणूस मधे येतो. रोख घेणाऱ्याच्या बाबतीत तोही येत नाही. मग फक्त बिल्डर, तुम्ही, आणि किचन बघणारी बहीण.

मागच्या वर्षी आम्ही स्वतःसाठी घर बघायला लागलो. माझा भविष्य निर्वाह निधी, थोडं सोनं आणि सासरच्या कलमांचा एक तुकडा विकून आलेले पैसे. एक फ्लॅट पसंत पडला, दुसरा मजला, खाली पार्किंग, रंग अजून ओला. 51 हजार टोकन दिलं. या वेळी मी इंजिनिअर घेऊन गेले. तो माझाच विद्यार्थी, दहावीला मराठीत कसाबसा पास झालेला, आता सिव्हिलचा पदवीधर आणि स्वतःची कामं करणारा. पैसे घ्यायला तयार नव्हता. मी म्हटलं, "फुकट बघशील तर मला बरं वाटावं म्हणून बोलशील. फी घे आणि खरं सांग." सात हजार घेतले.

त्याने साडेतीन तास लावले. किचनमध्ये सगळ्यात शेवटी गेला.

आधी पार्किंग. म्हणाला, "टीचर, इमारतीला कपडे वरच्या मजल्यावर घालतात, खाली ती उघडी असते." तिथे गिलावा न केलेले कॉलम होते. एका कॉलमच्या पायाशी काँक्रीट मधमाश्यांच्या पोळ्यासारखं पोकळ राहिलं होतं, म्हणजे ओतताना ते नीट ठासलं गेलं नव्हतं. स्लॅबच्या खालच्या बाजूला दोन ठिकाणी सळई जवळजवळ पृष्ठभागावर आलेली. सळईवर काँक्रीटचं ठरावीक जाडीचं आवरण लागतं, भारतीय मानकांप्रमाणे कॉलमला साधारण 40 मिलिमीटर, स्लॅबला 20. सेंटरिंगवर सळईखाली छोटे ठोकळे ठेवायचे असतात, ते न ठेवता सळई तशीच टाकली की असं होतं. खाडीजवळच्या खाऱ्या हवेत आवरण नसलेली सळई लवकर गंजते, गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो आणि काँक्रीट आतून फोडतो. भाईजानच्या गॅलरीचं कोडं मला तिथे उभ्या उभ्या सुटलं.

वाळूचंही त्याने विचारलं. खाडीची रेती न धुता वापरली तर मीठ काँक्रीटमध्येच जातं, मग गंजायला बाहेरच्या हवेचीही वाट बघावी लागत नाही. हे फक्त कोकणाचं आणि छोट्या बिल्डरांचं दुखणं आहे असं नाही. फेब्रुवारी 2022 मध्ये गुरुग्राममधल्या एका उंची गृहसंकुलात सहाव्या मजल्याची फरशी कोसळली आणि खालच्या फरश्या घेऊन पहिल्या मजल्यापर्यंत गेली. दोन बायका मेल्या. त्या संकुलालाही दहा वर्षं झालेली नव्हती. आयआयटी दिल्लीच्या तपासणीत काँक्रीटमध्ये क्लोराइड आढळलं. तिथे घरं कोटींची होती.

मग वर. खिशातून दहाचं नाणं काढून फरशी वाजवत गेला. जिथे बद्द आवाज आला तिथे खडूने फुली. हॉलमध्ये अकरा फुल्या. बाथरूममध्ये बादली ओतली, पाणी मोरीकडे जाण्याऐवजी दारात येऊन थांबलं. खिडकीबाहेरच्या कट्ट्यावर पाणसळ ठेवली तर उतार आतल्या बाजूला. छज्ज्याच्या खालच्या कडेला पाणी तुटावं म्हणून खाच हवी, ती नव्हती. इतकी साधी गोष्ट, गवंड्याचं अर्ध्या दिवसाचं काम, आणि भाईजानच्या भिंतीवरचा नकाशा बहुधा तिच्याचमुळे. चिऱ्याची भिंत आणि काँक्रीटचा कॉलम जिथे भेटतात तिथे उभी बारीक भेग होती. ती बघून मी घाबरले, तर तो म्हणाला, "ही नाही टीचर, हिला घाबरू नका. सांध्यावर जाळी मारली नाही म्हणून गिलावा तडकलाय." प्रत्येक भेग धोक्याची नसते हेही जाणत्यानेच सांगावं लागतं. आपण नको त्या भेगेला घाबरतो आणि नको तिथे निश्चिंत राहतो. विजेच्या बोर्डात छोटं यंत्र घालून बघितलं, तीन प्लगना अर्थिंगच नव्हतं. तारा ओढल्या होत्या, खाली जोडल्या नव्हत्या.

हे सगळं दुरुस्त होण्यासारखं होतं. यादी बिल्डरला देऊन "आधी हे करा, मग उरलेली रक्कम" असं म्हणता आलं असतं. तपासणीचा बहुतेक वेळा उपयोग तोच असतो, घर नाकारण्यासाठी नव्हे. पण निघताना तो पुन्हा पार्किंगमध्ये गेला आणि मोबाइलचा टॉर्च मारून वर बघत राहिला. मोरीचा पाइप नेण्यासाठी प्लंबरने बीमचा खालचा भाग फोडला होता. दोन सळया कापलेल्या, आणि भोक सिमेंटने लिंपलेलं. बीमच्या पोटातली सळई म्हणजे त्याच्या ताकदीचा कणा. तो म्हणाला, "वर तुमचाच हॉल आहे."

बिल्डर आमच्याच जमातीतला, माझ्या नवऱ्याच्या आतेभावाचा दोस्त. त्याला कागद दिला तर तो दुखावला. "भाभी, आपल्या माणसावर विश्वास नाही?" छोट्या गावात सगळ्यात जड वाक्य हेच आहे. सात हजारांच्या फीमुळे कुणी थांबत नाही. ज्या माणसाच्या घरी तुम्ही ईदला जाता, त्याच्या इमारतीत हातोडी घेऊन कसं शिरायचं, यामुळे थांबतात. त्या रात्री माझ्याही घरात यावरून बोलाचाली झाली. सासूबाई म्हणाल्या, एवढं कोण बघतं?

मला एक हदीस आठवली, जी आपण सगळ्यांनी मदरशात ऐकलेली आहे. पैगंबर (स.) बाजारात धान्याच्या राशीपाशी थांबले, राशीत हात घातला, तर बोटांना ओल लागली. व्यापारी म्हणाला, पाऊस लागला होता. त्यावर त्यांनी विचारलं की मग ओलं धान्य लोकांना दिसेल असं वर का ठेवलं नाही, आणि फसवणाऱ्याशी आपलं नातं नाही असं सांगितलं. आपण ही हदीस नेहमी विकणाऱ्याला सुनावण्यासाठी वापरतो. माझं लक्ष या वेळी दुसरीकडे गेलं. त्यांनी हात आत घातला होता. वरून कोरडी दिसणारी रास बघून पुढे गेले नाहीत, आणि त्या व्यापाऱ्याचा अपमान होईल म्हणून थांबले नाहीत. ओल आतच असते, धान्यात काय आणि भिंतीत काय.

आम्ही तो फ्लॅट सोडला. 51 हजारांतले 25 परत मिळाले, बाकीचे 'ऑफिसच्या खर्चात' गेले. आतेभाऊ अजून नीट बोलत नाही. आम्ही भाड्याच्या घरात आहोत आणि मला झोप लागते.

भाईजानने या जानेवारीत स्वतःच्या खर्चाने गॅलरी दुरुस्त करून घेतली. गंजलेला भाग फोडला, सळई घासली, नवा मसाला भरला. एक लाख ऐंशी हजार. वर पत्राही घातला. आठांपैकी तिघांनी वर्गणी दिली नाही.

आणि आम्ही सोडलेला तो फ्लॅट महिन्याभरात विकला गेला. घेणारा सौदीत आहे, इथे त्याची म्हातारी आई राहते. मला राहवलं नाही. रिपोर्टची झेरॉक्स घेऊन मी तिच्याकडे गेले, बीमचा फोटो मोबाइलवर दाखवला. तिने चहा केला, शांतपणे ऐकून घेतलं, कागद घडी करून टीव्हीखाली ठेवला. उठताना मी विचारलं, "मुलाला सांगाल ना?"

"सांगते ना बेटी," ती म्हणाली. "पण इमारत नवीन आहे. आणि त्याने सगळे फोटो बघितलेत."